सावळ्या गालावरची लाली

माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू यंदा काढला आणि माझ्या धंद्यातला एक रंग हातून सुटला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, तेही इतक्या सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. आता उजव्या डोळ्याला भिंती निळसर दिसतात आणि डाव्याला अजून जुन्याच मळकट पिवळ्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, होईल सवय. पेपर वाचणाऱ्याला होत असेल. मी कातडीचे रंग वाचून पोट भरते.

उदगीरला दवाखाना आणि आठवड्यातून एकदा जळकोट, असा माझा जुना शिरस्ता. येणाऱ्या बाया बहुतेक वांगाच्या. कुणी सोयाबीन काढणारी, कुणी चुलीपुढे बसणारी, कुणी तांड्यावरून ऊसतोडीला जाऊन आलेली. वांग जात नाही, दबतं. ऊन वाढलं, दिवस राहिले की पुन्हा वर येतं. हे मी सांगते, त्या शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "ते खरंय मॅडम, पण कव्हा जातेत?" वांगाशी माझं भांडण केव्हाच मिटलंय. लालीशी मिटलेलं नाही.

वांगावरचा पील, म्हणजे आम्लानं वरची कातडी सोलणं, कुठे थांबवायचा ते लाली ठरवते. ग्लायकोलिक आम्ल गालावर असताना घड्याळ नुसतं धाकाला असतं. लाली सारखी उमटली की सोड्याचं पाणी लावायचं. एखादी जागा पांढरी पडायला लागली म्हणजे उशीर झालाच. गोऱ्या कातडीवर ही लाली कुणालाही दिसेल. आपल्या सावळ्या गालावर ती लाल नसतेच. जांभळट असते, कधी विटकरी, कधी नुसती मघापेक्षा थोडी गडद. ती हुकली तर भाजल्या जागी उठणारा काळा डाग मूळच्या वांगापेक्षा हट्टी निघतो. बाई डाग घालवायला येते आणि नवा घेऊन घरी जाते.

आम्ही शिकलो त्या पुस्तकांतले फोटो गोऱ्यांचे. फिट्झपॅट्रिक या त्वचेच्या डॉक्टरनं १९७५ साली कातडीचे प्रकार पाडले तेही गोऱ्यांना प्रकाशोपचाराचा डोस किती द्यावा हे ठरवायला. तेव्हा प्रकार चारच होते. तपकिरी आणि काळी कातडी मागाहून पाचवी-सहावी म्हणून जोडली. २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेसमधला मलोन मुकवेंडे हा वैद्यकीय विद्यार्थी आपल्या शिक्षकांबरोबर एक पुस्तिका काढतो, सावळ्या आणि काळ्या कातडीवर रोगाच्या खुणा कशा दिसतात याची, आणि जगभर तिचं कौतुक होतं. मला मत्सर वाटला. हे तर मला ठाऊक होतं! पण ते माझ्या डोळ्यात होतं, आणि ते फक्त माझ्याच डोळ्यात असणं मला आवडत होतं. "मॅडम नुसतं तोंड बघून कोणची ट्यूब लावली ते सांगतेत," असं जळकोटच्या स्टँडवर बोललं जायचं. ते तसं बोललं जावं म्हणून पेशंटनं तोंड उघडायच्या आत मी ट्यूबचं नाव सांगून टाकायची.

त्या ट्यूबाही १९७५च्याच. क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचं मिश्रण त्या वर्षी मांडलं. फेअर अँड लव्हली आपल्या बाजारात आली तीही त्याच वर्षी. मिश्रणाला मी नावं ठेवणार नाही. मोजक्या आठवड्यांसाठी, नजरेखाली दिलं तर वांगावर आजही त्याच्या तोडीचं थोडंच आहे. पण गावात ते 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून वर्षानुवर्षं चोळलं जातं. स्टेरॉइडची चौदा मलमं २०१८ साली सरकारनं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर चिठ्ठी कोण मागतं? कातडी पातळ होते, बारीक शिरा वर येतात, ट्यूब थांबवली की तोंड पेटतं. आणि इथेही तीच गोम. आपल्या कातडीवरची ही लाली घरच्या आरशात काळेपणासारखी दिसते. पोरगी म्हणते, "काळी पडलाले म्हणून जास्त लावलाले." अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला होता. निदान माझ्या पोरींच्या ट्यूबवर नाव तरी छापलेलं असतं.

लातूर-नांदेडच्या फलकांवर आता वांगाला लेसर आहे. लेसर वाईट नाही. पण आपल्या कातडीच्या वरच्याच थरात रंगद्रव्य इतकं असतं की बरीच ऊर्जा तिथेच अडते, आणि उष्णतेनं वांग चाळवतं. मशीनचा हप्ता पेशंटच्या गालातून फेडू नये, असं मी म्हणते. लोक म्हणतात, हिच्याकडे मशीन नाही म्हणून बोलते. तेही खरं आहे.

दवाखान्यात हल्ली एक तरुण डॉक्टर माझ्याबरोबर बसते. ती डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, गालाला टेकवते, मोबाइलवर मला शिरा दाखवते आणि म्हणते, "मॅडम, हे बघा, इथं लाल आहे." मला दिसतं. तिनं दाखवल्यावर दिसतं, हे मला खुपतं.

मग मी बोटांकडे वळले. काळ्या रानात ओल किती आहे ते वरून कळत नाही, मूठ दाबूनच बघावी लागते. आता मी दाबते. काचेची पट्टी गालावर टेकवायची, रंग फिका होऊन परत भरतो का ते बघायचं. हाताच्या पालथ्या बाजूनं ऊब बघायची. पील चालू असताना गालाचा रंग न लावलेल्या गळ्याशी ताडायचा. टेबल ट्यूबलाइटखालून खिडकीशी हलवलंय. डावा डोळा मिटून बघते, तेव्हा बाया हसतात, "मॅडम डोळा मारलाल्यात!" मारू दे म्हणावं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर जोरदार पील ती पोरगी करते आणि मी शेजारी उभी राहून नको तितक्या सूचना देते.

जळकोटला येणाऱ्या बायांना एवढंच सांगणं आहे: दिवसाउजेडी या, तोंड साध्या पाण्यानं धुऊन या, पावडर लावू नका, आणि घरात जी ट्यूब असेल ती पदराखाली न लपवता सोबत आणा, संपलेली असली तरी.