मुहूर्तानंतरचे दुकान

दुकानाच्या मुहूर्ताला गर्दी होते, कारण त्या दिवशी येणारे पुष्कळसे लोक ग्राहक नसून आप्तेष्ट असतात. दुकान खऱ्या अर्थाने चालू होते ते पुढे एखाद्या साध्या दिवशी, अनोळखी माणूस पायरी चढून आत येतो तेव्हा. व्यापारी घराण्यांना हे शिकवावे लागत नाही. परंतु त्याच घरांतील तरुण मंडळी आज पॉडकास्ट नावाचा जो नवा उद्योग आरंभीत आहेत, त्याच्या बाबतीत हे पिढीजात शहाणपण सहसा आठवले जात नाही.

पॉडकास्ट म्हणजे श्रोत्याने आपल्या सवडीने मोबाइलवर ऐकावयाचा ध्वनिकार्यक्रम. हा शब्द २००४ साली ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील एका लेखात प्रथम आला. आरंभाला भांडवल थोडे लागते. बरा मायक्रोफोन आणि शांत खोली एवढे पुरते. म्हणूनच सुरू करणारे पुष्कळ आणि टिकणारे थोडे. काही भागांनंतर कार्यक्रम गुपचूप बंद पडतो, त्याला या क्षेत्रात ‘पॉडफेड’ असा शब्दच रूढ झाला आहे.

याचे एक कारण आकड्यांचा चुकीचा अर्थ. पहिला भाग नातेवाईक व मित्र कौतुकाने ऐकतात. तिसऱ्या-चौथ्या भागाला संख्या घसरते आणि कर्त्याचे मन खचते. वस्तुतः गेलेले असतात ते मुहूर्ताचे पाहुणे. म्हणून किती जणांनी भाग उतरवून घेतला यापेक्षा किती जण शेवटपर्यंत थांबले आणि किती जण पुढच्या भागाला परतले, हे पाहावे. अॅपल व स्पॉटिफाय यांसारख्या मंचांवर श्रोते कोठवर ऐकत राहिले याची माहिती कर्त्याला मिळते. दुसऱ्याच मिनिटाला श्रोते उठून जात असतील, तर दोष विषयाचा नसून लांबलेल्या प्रास्ताविकाचा असण्याचा संभव अधिक.

दुसरे कारण मालाच्या साठ्याचे. सांगलीच्या हळदपेठेतील एखाद्या घरातील मुलीने हळदीच्या व्यापारावर पॉडकास्ट काढला असे समजू. पहिल्याच भागात पेठेचा सारा इतिहास सांगून टाकला, तर पुढे शिल्लक काय राहणार? त्याऐवजी हरिपूरची पेवे हा एक भाग, २००५ च्या महापुराने त्या पेवांचे काय केले हा दुसरा, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा व्यापाऱ्याला उपयोग काय हा तिसरा, जुन्या हमालाशी संभाषण हा चौथा, अशी वाटणी करावी. हंगामापूर्वी गोदाम भरतात तसे चार-सहा भाग आधीच ध्वनिमुद्रित असावेत. मग घरातील लग्नकार्य वा आजारपण आले तरी ठरलेला वार चुकत नाही. वार पाळणे ही श्रोत्याशी केलेली उधारी वेळेवर फेडणेच होय. पत त्यातूनच वाढते.

सलग चालविणे शक्य नसेल, तर तसे आधी सांगून थांबण्यात कमीपणा नाही. ‘सीरियल’ या अमेरिकी पॉडकास्टचे पहिले पर्व २०१४ मध्ये बारा भागांत संपले आणि दुसरे सुमारे वर्षभराने आले. श्रोते थांबले, कारण पर्व संपल्याचे त्यांना ठाऊक होते.

वाढ ही टिकण्यातूनच होते. मुंबईचे लेखक अमित वर्मा यांनी २०१७ च्या आरंभी ‘द सीन अँड द अनसीन’ हा इंग्रजी पॉडकास्ट सुरू केला. आरंभीचे भाग छोटे होते. पुढे तीच संभाषणे कित्येक तासांची झाली. आपले खरे स्वरूप कोणते, हे काम करीत राहिल्यावाचून कळत नाही. हळदीचा पॉडकास्ट सर्वांसाठी नसतो; तो शेतकरी, अडते आणि मसाला-उत्पादक यांच्यासाठी असतो. प्रत्येक पाहुणा आपल्या परिचितांच्या गटात तो भाग पोहोचवितो, आणि त्यातूनच नवे श्रोते मिळतात. ‘भाग सातवा’ या नावाने कोणी वळत नाही. ‘पेवात हळद इतकी वर्षे कशी टिकते?’ असे विचारले, तर शोधणारा येऊन पोहोचतो. जुना भागही अशा रीतीने नवा श्रोता आणीत राहतो.

जाहिरात मिळू लागली की परीक्षा अधिक कठीण होते. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे स्पष्ट सांगावे, आणि जो माल स्वतःच्या घरात येऊ देणार नाही त्याची वाखाणणी करू नये. श्रोत्याने विश्वास ठेवलेला असतो तो त्या आवाजावर.

शेवटी प्रश्न घराचा. तिसऱ्या महिन्यात वडीलधारे विचारतात, “यातून मिळते काय?” हा प्रश्न रास्त आहे, त्याला तुसडे उत्तर देऊ नये. नवी शाखा उघडताना जसे ठरवितात, तसे खर्चाची मर्यादा आणि एक वर्षाची मुदत आधीच ठरवून घ्यावी. त्या मुदतीत वडिलांनी रोजचा गल्ला विचारू नये, आणि वर्षअखेर मुलांनी हिशेब लपवू नये. चालवायचे ठरले तर उत्तम. बंद करायचे ठरले, तर शेवटच्या भागात श्रोत्यांचा रीतसर निरोप घ्यावा. सर्वांचे देणे चुकते करून मिटविलेल्या पेढीला कोणी दिवाळे निघाले असे म्हणत नाही. त्या घरच्या मुलांनी उद्या दुसरे दुकान मांडले, तर जुने ग्राहक पुन्हा येतात.