फरशीवरचं पाणी

नृसिंहाचं पोखर्णी म्हटलं की लोकांना देऊळ आठवतं. मला आमच्या ओढ्यावरची फरशी आठवते.

त्या वर्षी सोयाबीन निघालं अन् परतीचा पाऊस लागला. पुतण्याने पोती पिकअपमध्ये टाकली आणि परभणीच्या मोंढ्याला निघाला. फरशीवर गुडघ्याच्या वर पाणी होतं, तरी त्याने गाडी रेटली. मधोमध जाऊन धाडकन इंजिन बंद पडलं. ट्रॅक्टर लावून बाहेर ओढावी लागली. मेस्त्रीने इंजिन खोललं, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला. "हवा दबती, पानी दबत न्हाई," एवढंच तो बोलला. पिस्टन वर येताना मध्ये पाणी सापडलं की कुठलं तरी लोखंड वाकणारच. सोयाबीनचे पैसे इंजिनातच गेले.

पुढच्या उन्हाळ्यात पोरगं स्नॉर्केल बसवून आलं. बॉनेटच्या बाजूने निघून टपापर्यंत गेलेलं काळं नळकांडं. "काका, आता पान्याचं भेव न्हाई!"

दुकानदार शंकूसारखा उघडा फिल्टरही देत होता, गाडी पळते म्हणे. तो मी घेऊ दिला नाही. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार; तापलेली हवा विरळ, मग ताकद वाढणार कशी? शिवाय आपल्या रस्त्याची धूळ आत गेली की रिंगा-लायनर खाऊन टाकते. नळकांड्याचं मात्र पटलं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरलाही बॉनेटच्या वर टोपीवाला नळा होताच. वरची हवा जरा कमी धुळीची. पण कंपनीचा फिल्टर वेळच्या वेळी झाडला-बदलला, तरी धुळीचं निम्मं काम होतं.

पावसाळ्यात एका रात्री आम्ही दोघं परभणीहून येत होतो. फरशीवरून पाणी धावत होतं, कडेचे दगड दिसत नव्हते. त्याने पहिला गेर टाकला. मी चावी काढून घेतली.

"काका, नळी हाय ना वर!"

"नळी इंजिनाला हाय लेका. चाकाला न्हाई."

दोन फूट वाहतं पाणी भरल्या गाडीलाही उचलून कडेला नेतं. इंजिन चालू असलं तरी चाकं टेकत नाहीत. इंजिन बंद पडायचं, तेव्हा माणूस निदान पाण्याला भ्यायचा. नळकांड्याने तेवढं भेवच काढून घेतलं होतं.

तीन तास आम्ही काचा चढवून बसलो. तो एक शब्द बोलला नाही. उजाडता पाणी ओसरलं. फरशी जागच्या जागी, एक दगडही हलला नव्हता.

"निघालो असतो आपुन," तो म्हणाला.

"असतो बी," मी म्हणालो, अन् चावी त्याच्या हातात दिली.

त्याचं म्हणणं खोटं होतं, असं मला आजही म्हणता येत नाही. पण घरी दार उघडताना वहिनीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. मला तेवढं पुरलं.