तिसरी प्रत

या स्मरणिकेसाठी वसतिगृहाची जुनी छायाचित्रे निवडावयास आम्ही कार्यालयात बसलो, तो संगणकाची हार्ड डिस्क चालूच होईना. आतून नुसती टकटक ऐकू येई. अठरा वर्षांच्या सहली, स्नेहसंमेलने, निरोपसमारंभ असे सारे त्या एकाच डिस्कवर होते. इतिहासाचे अध्यापक असूनही दुसरी प्रत ठेवण्याचे आम्हांस सुचले नाही. हा दोष आमचाच.

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात डेटा सेंटरमध्ये नोकरीस आहे. "सर, आता ती डिस्क पुन्हापुन्हा चालू करू नका," एवढे बजावून त्याने आपल्याकडची रीत सांगितली. तेथे 'सेफ' नावाची प्रणाली शेकडो डिस्क एकत्र सांभाळते. प्रत्येक माहितीखंडाच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या यंत्रांवर असतात. एखादी डिस्क बंद पडली की प्रणाली सुमारे १० मिनिटे तिची वाट पाहते आणि मग तिला वगळते. गेलेल्या डिस्कमधून काही काढीत बसावे लागत नाही. उरलेल्या डिस्क आपल्याजवळच्या प्रतींवरून उणी पडलेली प्रत नव्याने तयार करतात. काम अनेकींत वाटले गेल्याने लवकर उरकते. मात्र ते पुरे होण्याआधी उरलेल्या दोन्ही प्रतींच्या डिस्क गेल्या, तर तो खंड कायमचा जातो. शिवाय कोणी चुकून पुसले, तर तिन्ही प्रती पुसल्या जातात. म्हणून बॅकअप वेगळा ठेवावाच लागतो.

हे ऐकताना आम्हांस श्रीलंका आठवली. तेथील भिक्खूंची उपसंपदेची परंपरा खंडित झाली, तेव्हा १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली थेरांनी ती पुन्हा सुरू केली. सयामला ती परंपरा पूर्वी लंकेतूनच गेली होती. दिलेले होते, म्हणूनच परत मिळाले.

मग आम्ही माजी विद्यार्थ्यांना निरोप धाडले. कोणी मोबाइलमधून, कोणी आईच्या पत्र्याच्या पेटीतून छायाचित्रे पाठविली. या अंकातील बहुतेक छायाचित्रे अशीच आली आहेत. परंतु पहाटे चारला चूल पेटविणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरातील मावशींचे एकही छायाचित्र आले नाही. त्या आता हयात नाहीत. त्यांचे छायाचित्र आम्ही कोणालाच दिले नव्हते.

आता आम्ही तीन प्रती ठेवतो. त्यांतील एक शाळेबाहेर असते. वाचकांपैकी कोणाजवळ मावशींचे छायाचित्र असेल, अगदी कोपऱ्यात उभ्या असलेल्या का होईना, तर त्यांनी ते शाळेकडे अवश्य पाठवावे, ही नम्र विनंती.