कुंडीतली सीक्रेट आर्मी

बाल्कनीत चार कुंड्या लावल्या की आपण स्वतःला बागायतदार समजायला लागतो, नाही का? माझ्या चारांपैकी एक मात्र व्हीआयपी. साताऱ्याच्या अंगणातून आईने आणलेला मोगरा. आई गेली, मोगरा राहिला. म्हणूनच ऑगस्टमध्ये तो अचानक मलूल झाला, तेव्हा सॉलिड टेन्शन आलं. माती उकरली, तर मुळांशी वेटोळं करून बसलेली पांढरी अळी. हुमणी!

दाणेदार विष टाकावं, तर दोन वर्षांची लेक दिवसभर त्याच मातीत हात घालते. ऊस लावणाऱ्या मामाला फोन केला. तो म्हणाला, “सूत्रकृमी सोड की.” जंतांवर खर्च? यक्क! पण हे मुळं पोखरणारे सूत्रकृमी नव्हेत. हा ‘हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’. कोइमतूरच्या नमुन्यांवरून १९९२मध्ये त्याची ओळख पटली. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने त्याची पावडर बनवली.

फंडा सिंपल आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव अळीत शिरतो, पोटातले बॅक्टेरिया तिच्यात सोडतो. दोन-तीन दिवसांत अळी खलास, रंग विटकरी. माणसं आणि गांडुळं सेफ. फक्त ऊन आणि कोरडी माती त्याला सोसत नाही. त्यामुळे संध्याकाळी, आधी माती भिजवून, पावडर पाण्यात मिसळून झारीने घालायची. नंतरही ओल टिकवायची.

तीन आठवड्यांनी पोपटी पालवी फुटली. फुलं उन्हाळ्यात येतील. तोवर लेक आजीच्या मोगऱ्याची माती बिनधास्त उकरतेय. अजून काय हवं?