हरणाऱ्या संघाची पाकिटं

पिट्सबर्ग

प्रिय मंजू,

तुझं पत्र कालच हातात पडलं. सूनबाईंच्या नोकरीचं वाचून बरं वाटलं, विहिरीच्या भांडणाचं वाचून नाही. आणि शेवटी तो तुझा खवचट प्रश्न: पन्नाशी उलटलेली बाई खेळाडूंची चित्रं गोळा करते, घरातले काही म्हणत नाहीत का? म्हणतात ना! नवरा म्हणतो, साड्यांपेक्षा जागा कमी लागते म्हणून मी गप्प. लेक टपालपेटी उघडून ओरडते, "आईचा माल आला!" विषय तूच काढलास, आता चहा घेऊन बस.

बेसबॉलचं कार्ड म्हणजे अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे बारीक अक्षरात त्याच्या एकेका वर्षाचा हिशेब. टॉप्स कंपनीनं 1957 मध्ये हे माप धरलं ते आजतागायत. तुझा धाकटा भाऊ बिग फनच्या च्युइंगगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचा आणि आपल्याला हात लावू द्यायचा नाही, आठवतं? त्याच कुळातलं हे. फक्त इथे ते शंभराहून जास्त वर्षं चाललंय. आधी कार्डं सिगारेटच्या पाकिटातून यायची, मग च्युइंगगमसोबत. गमची ती कडक गुलाबी पट्टी टॉप्सच्या पाकिटात अगदी नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत असायची आणि तिला टेकलेल्या कार्डावर डाग पडायचा. असली डागाळलेली कार्डं मी आवडीनं घेते. स्वस्त मिळतात.

माझा संघ अर्थातच पायरेट्स, गावचाच. मी लग्न होऊन इथे आले 1996 साली. त्याआधी चार वर्षं, 14 ऑक्टोबर 1992 च्या रात्री, अटलांटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या इनिंगपर्यंत पायरेट्स 2-0 नं पुढे होते आणि 3-2 नं हरले. विजयाची धाव काढणारा सिड ब्रीम हा पायरेट्सचाच जुना गडी, पळण्यात मुलखाचा मंद. तो घसरत होम प्लेटला पोचला आणि लेफ्ट फील्डमधून आलेला बॅरी बाँड्सचा थ्रो केसभर उशिरा पोचला. त्याच हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. मग 1993 ते 2012 असे सलग वीस हंगाम पायरेट्स जिंकले कमी आणि हरले जास्त. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये एवढी लांबलचक हार दुसऱ्या कुठल्याच संघाच्या नावावर नाही. माझा नवा संसार, बाळंतपण, घराचं कर्ज, लेकीची शाळा, सगळं त्या हारीच्या आत बसतं बघ.

आणि मी जमवते ती नेमकी तीच वीस वर्षं.

इथले जाणते जमवणारे हे ऐकून आधी हसतात, मग खूश होतात. का ते सांगते. बहुतेक लोक नावाजलेल्या खेळाडूच्या मागे असतात, त्यातही त्याच्या पहिल्या वर्षाच्या कार्डाच्या, ज्याला रूकी कार्ड म्हणतात. एक संघ धरून जमवणाऱ्याला असं करून चालत नाही. टॉप्सच्या एका वर्षाच्या संचात आपल्या संघाची वीस-तीस कार्डं असतात आणि ती सगळी हवी असतात. त्यात मोठं नाव एखादंच. बाकी कोण, तर दोन हंगाम टिकलेला पिचर, राखीव कॅचर, हकालपट्टीच्या वाटेवरचा मॅनेजर. यांना 'कॉमन' म्हणतात आणि ही कॉमन कार्डं देशभर बुटांच्या खोक्यांतून पडून आहेत. त्यात हरणाऱ्या संघाची तर कुणी फुकटसुद्धा विचारत नाही. म्हणजे मला जे हवं ते सगळ्यांकडे जास्तीचं आहे! माझ्या पाकिटातून यांकीजचा एखादा चमकता तारा निघाला की मी न्यूयॉर्ककडच्या कुणाला तरी तो देते आणि बदल्यात पायरेट्सचा हा गठ्ठा मागते. तो म्हणतो, एवढंच? मी म्हणते, एवढंच.

अगं, जुन्या साड्यांवर बोहारणीशी तासभर घासाघीस करून आपल्या आया एक पातेलं मिळवायच्या. दारातून आत येताना आईच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू असायचं आणि कोपऱ्यावर वळताना बोहारीणही हसत असणार, याबद्दल मला आता शंका नाही. अदलाबदल जमते ती दोघांची नड वेगळी असली की. दोघांनाही एकच कार्ड प्यारं असेल, तर तिथे व्यवहार नाही, नुसती ओढाताण.

किमतीची पुस्तकं आहेत ना, म्हणशील. आहेत. जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं 1984 मध्ये कार्डांच्या भावांचं मासिक सुरू केलं आणि पोरंसोरंसुद्धा त्यात बोट घालून बोलायला लागली. तुझं चार डॉलरचं, माझं साडेतीनचं, वर अर्ध्याचं काहीतरी दे. त्यातून आज ना उद्या श्रीमंत होऊ म्हणून ऐंशीच्या अखेरीला लोकांनी खोकीच्या खोकी साठवली, आणि कंपन्यांनीही छापताना हात आखडला नाही. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर दुर्मीळ काय उरणार? 1987 चं टॉप्सचं लाकडी चौकटीचं बॅरी बाँड्स घे. एवढा मोठा खेळाडू, त्यात पायरेट्सच्या कपड्यात, आणि जेवणाच्या पैशात चार येतील. मला भावाचं पुस्तक चालतं, पण हाताशी ठेवायला. व्यवहाराच्या टेबलावर ते उघडणाऱ्याशी माझं फारसं जमत नाही.

टपालाचं शास्त्र मात्र पक्कं पाळावं लागतं. कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग टणक प्लास्टिकच्या खोळीत, म्हणजे टॉपलोडरमध्ये. टॉपलोडरचं तोंड रंगाऱ्यांच्या निळ्या टेपनं बंद करायचं, कारण ती ओरखडा न काढता निघते, आणि टोक दुमडून ठेवायचं म्हणजे समोरच्याला नखानं उचकटत बसायला नको. साधी पारदर्शक टेप लावून पाठवणाऱ्याचं नाव लोक लक्षात ठेवतात, चांगल्या अर्थानं नव्हे. पहिल्यांदाच व्यवहार असेल, तर नवख्यानं आधी पाठवायचं आणि जुन्यानं पाकीट मिळाल्यावर, हा रिवाज. कागद नाही, सही नाही. तरी चालतं. आणि पाकिटात न मागितलेली दोन-चार कार्डं वर टाकायची पद्धत आहे, आपल्याकडे भाजीवाली कोथिंबीर टाकायची तशी.

आता 1997 चा गठ्ठा काढून बसले आहे. त्या वर्षी साऱ्या संघाचा पगार मिळून नऊ दशलक्ष डॉलरच्या आसपास होता. शिकागोच्या एकट्या आल्बर्ट बेलचा त्याहून जास्त. त्याच पोरांनी 12 जुलैला ह्यूस्टनला दहा इनिंग्ज एकही हिट मिळू दिली नाही. फ्रान्सिस्को कोर्दोवानं नऊ टाकल्या, रिकार्दो रिंकोननं दहावी, आणि बदली आलेल्या मार्क स्मिथनं होम रन मारून सामना संपवला. हंगाम शेवटी 79 विजय आणि 83 पराभवांवर थांबलाच. पण कोर्दोवाचं कार्ड मला कुणी त्याच्या दसपट भावाच्या कार्डाशी बदलून मागितलं, तरी देणार नाही. त्याच्यासाठी घासाघीस करावीच लागली नव्हती. ओहायोच्या एका गृहस्थांनी वरकड म्हणून पाकिटात टाकलं होतं.

महाग कार्डांच्या वाटेला मी एकाच माणसासाठी जाते, रोबेर्तो क्लेमेंते. प्वेर्तो रिकोचा, पायरेट्सचा 21 नंबर. टॉप्सनं 1957 पासून 1969 पर्यंत त्याच्या कार्डांवर 'बॉब क्लेमेंते' छापलं. त्याला ते नाव आवडत नसे, पण वर्तमानपत्रं आणि कार्डवाले त्याला गोऱ्यांच्या जिभेला सोपं करत राहिले. (माझ्या पहिल्या नोकरीत मी 'शॅरी' होते, तुला लिहिलं होतं.) 1970 च्या कार्डावर पुन्हा रोबेर्तो झाला. 30 सप्टेंबर 1972 ला त्यानं तीन हजारावी हिट मारली. ती नियमित हंगामातली त्याची शेवटची. निकाराग्वात भूकंप झाला, मदतीचं सामान नीट पोचत नाही असं कळल्यावर 31 डिसेंबरला तो स्वतः विमानात बसला आणि विमान समुद्रात कोसळलं. टॉप्सचं 1973 चं कार्ड, क्रमांक 50, पोरांच्या हाती पडलं तेव्हा तो नव्हता. ते माझ्याकडे आहे, मधोमध घडी पडलेलं. कुणीतरी खिशात घालून फिरवलं असणार. इथे नदीवर त्याच्या नावाचा पिवळा पूल आहे. सामन्याच्या दिवशी त्यावर गाड्या बंद ठेवतात आणि आम्ही मैदानावर चालत जातो.

होनस वॅग्नरचं 1909 च्या सुमाराचं कार्ड माझ्या यादीत नाही, हे सांगून टाकते. तोही पायरेट्सचाच, जन्मही इथल्याच पंचक्रोशीतला. सिगारेट कंपनीनं त्याचं कार्ड छापणं मध्येच थांबवलं. कुणी म्हणतं त्याला मुलांच्या हाती तंबाखू नको होती, कुणी म्हणतं मोबदला हवा होता. आज जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत आणि 2022 मध्ये एक सव्वासात दशलक्ष डॉलरला गेली. असो.

त्यापेक्षा मजेची गोष्ट पॉल स्कीन्सची. आमचा तरणाबांड पिचर, 2024 मध्ये पदार्पण केलेला. पदार्पणाच्या शर्टावरचा बिल्ला चिकटवून टॉप्सनं त्याचं एकच कार्ड काढलं आणि ते लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटातून निघालं. पायरेट्सनी त्याला अदलाबदल सुचवली: कार्ड द्या, होम प्लेटमागची दोन तिकिटं तीस वर्षं घ्या. घरच्यांनी नम्रपणे नकार दिला. मार्च 2025 मध्ये लिलावात त्याचे अकरा लाख डॉलर आले. घेतलं डिक्स स्पोर्टिंग गुड्सनं, म्हणजे पिट्सबर्गच्याच कंपनीनं, तेव्हा कार्ड शेवटी गावात आलंच. नवरा म्हणाला, शहाणी माणसं! मी म्हटलं, मी तिकिटं घेतली असती. हरणारे सामने पाहायला मी इतकी वर्षं पदरचे पैसे मोजलेत, तीस वर्षं फुकट म्हणजे चैन.

आपल्याकडच्यांचा या संघाशी संबंध तो 2008 चा. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेकी मुलं एका स्पर्धेतून निवडली गेली आणि पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात, ज्यांना पिचर आणि कॅचर यातला फरक कळत नव्हता, त्या बायकाही त्यावर बोलत होत्या. मुख्य संघापर्यंत दोघंही पोचले नाहीत, त्यामुळे टॉप्सच्या मुख्य संचांची माझी पानं त्यांच्यावाचूनच आहेत.

सध्या माझ्या डोक्यात एक व्यवहार घोळतोय. सिएटलच्या एका गृहस्थांना माझ्याकडचं 1989 चं अपर डेक कंपनीचं केन ग्रिफी ज्युनियर हवंय, त्या संचातलं पहिलं कार्ड. बदल्यात ते देतायत 1969 चा क्लेमेंते, 'बॉब' लिहिलेला, कोपरे झिजलेले. माझा नियम सरळ: पायरेट्स नाही ते दारात, पायरेट्स ते घरात. ग्रिफी कधी पायरेट्सकडून खेळला नाही, म्हणजे जायला हवा. पण तो जन्मला इथून तासाभरावरच्या डोनोरात, त्याच गावात आणि त्याच 21 नोव्हेंबरला, जिथे आणि ज्या दिवशी स्टॅन म्यूझियल जन्मला. कारखान्यांच्या गावानं दोन असले फलंदाज दिले! एकदा वाटतं, घरचाच आहे, राहू दे. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, नाणं उडव. लेक म्हणाली, त्यांना सांग, वर 1997 च्या संचातली राहिलेली दोन कॉमन टाका, मग देते.

लेक माझ्यावर गेलीय. त्यांना तसंच लिहिते आहे. भाऊजींना नमस्कार, सूनबाईंचं अभिनंदन.

तुझी,
शमी