खाली दुकान, वर घर

कामोठ्यात आम्हाला गाळा मिळायला एक दुपार पुरली आणि घर मिळायला सात वर्षे लागली. गाळा तळमजल्यावर होता. घर त्याच रस्त्याला, पुढच्या चौकापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. मधले अंतर चालत गेले तर चार मिनिटांचे आहे.

गाळा घेतला 2004 साली. तोवर आम्ही कुर्ल्याला होतो. मूळचे आम्ही खानापूर तालुक्यातले, विट्याच्या बाजूचे. आडनाव नदाफ, म्हणजे पिंजारी. आमचे आजोबा सुगी संपली की खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरत. तातीचा तुणतुण आवाज आला की बाया जुन्या गाद्या-उशा ओट्यावर आणून टाकत. पिंजाऱ्याला लोक सरळ घरात घेत, कारण जिथे गादी तिथेच त्याचे काम. कोणाच्या घरात किती अंथरुणे आहेत, कोण कोठे झोपतो, कोणाची उशी फाटकी आहे, हे सगळे त्याला दिसे. अब्बा म्हणत, पिंजाऱ्याने आतले बघायचे आणि बाहेर बोलायचे नाही. आज आम्ही थोडे बोलणार आहोत.

अब्बा मुंबईला येऊन गादीच्या कारखान्यात लागले. पुढे फोम आला, तयार गाद्या आल्या, कापूस पिंजणारे हात रिकामे झाले. आम्ही दोघे भाऊ पडद्यांकडे वळलो. आमच्या बायका शिवणकाम जाणत होत्या. मंगलदास मार्केटमधून कापड आणायचे, घरी शिवायचे, बसवून द्यायचे. 1998 मध्ये लोकल पनवेलपर्यंत गेली होती आणि त्या लाइनीवर जिकडे बघावे तिकडे नव्या इमारती उठत होत्या. नव्या घरात गॅस उशिरा आला तरी चालते. पहिल्या रात्री दिवा लावला की समोरच्या बिल्डिंगीतून सगळे दिसते, म्हणून पडदा आधी लागतो. मानसरोवर स्टेशनला उतरून आम्ही एक फेरी मारली आणि दोघेही काही न बोलता गाळ्यांचे भाडे विचारू लागलो.

कामोठ्यात इतकी दुकाने का, हे समजायला आम्हाला काही वर्षे लागली. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील 95 गावांची जमीन गेली. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. कामोठ्याचा मोठा भाग अशाच भूखंडांवर उभा आहे. आगरी शेतकऱ्याने बिल्डरशी करार करायचा, काही घरे त्याची, काही बिल्डरची, आणि खाली रस्त्याच्या तोंडाला गाळे. एक बिल्डिंग, तिच्या पायथ्याशी सहा-आठ दुकाने, आणि लगेच दुसरी बिल्डिंग. खाली दुकान, वर घर. धंदेवाल्याला याहून सोयीचे गाव शोधून मिळायचे नाही. आमच्या कामातला एक बारीक फरक येथेच सांगतो. सिडकोने स्वतः बांधलेल्या वसाहतीत एका खिडकीचे माप घेतले की शंभर खिडक्यांचे होते. कामोठ्यात प्रत्येक बिल्डरची खिडकी वेगळी, म्हणून प्रत्येक घरात जावेच लागते.

गाळ्याचा मालक, दलाल, कोणीही आमचे नाव ऐकून थबकले नाही. अनामत ठेवली, शटर वर केले. दुकानाला आम्ही असे नाव दिले होते की ज्यातून काही कळू नये. हे ठरवताना फार चर्चाही झाली नाही. दोघांच्याही मनात तेच होते. आता लिहिताना वाटते की थोडी चर्चा करायला हवी होती.

ओळीतले दुकानदार भले होते. प्लायवूडवाले कच्छी पटेल, मिठाईवाले राजस्थानी, पिठाची गिरणी साताऱ्याकडच्यांची, उत्तर प्रदेशचे दोन सलीम-कलीम केशकर्तनालय चालवत. चौदा दुकानांची भिशी होती. लिलावाची भिशी आम्ही घेत नाही, तिच्यात बोली लावून पैसे कमी घ्यायचे असतात, तो भाग आम्हाला व्याजासारखा वाटतो. ही चिठ्ठीची होती. दुसऱ्या वर्षी हिशेबाची वही आमच्याकडे आली आणि चौदा जणांचे पैसे दर महिन्याला आमच्या गल्ल्यात राहू लागले. जुम्म्याला आम्ही पनवेलला नमाजला जायचो तेव्हा प्लायवूडवाले शेठ आमच्या गल्ल्याकडे बघत. ते जेवायला गेले की त्यांची किल्ली आमच्याकडे. 2006 साली सच्चर समितीने मुसलमान नोकरीत कमी आणि स्वतःच्या लहान धंद्यात जास्त आहेत असे नोंदवले, तेव्हा वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आले. आम्ही ते याच गल्ल्यावर बसून वाचले.

गिऱ्हाइकांत सातारा, सांगली, कोकण जास्त. आमच्या मराठीचा हेल ऐकून बाया विचारत, "गाव कुठलं हो तुमचं?" विट्याजवळचे म्हटले की लगेच आपले होऊन जात, चहा येई, दोन पडद्यांचे चार होत. मग कधीतरी आडनाव निघे. नदाफ म्हणजे कोण, हे पुष्कळांना ठाऊक नसते; एकाला तर आम्ही गोव्याकडचे वाटलो. ज्यांना ठाऊक असते ते क्षणभर थांबतात. थांबून पुढे बोलतातही, अगदी पहिल्यासारखे. त्या क्षणाबद्दल तक्रार करावी असे त्यात काही नसते.

घराचा विषय निघाला तो मुलांच्या शाळेमुळे. आम्ही रोज कुर्ल्याहून येत-जात होतो, रात्री अकराला घर गाठत होतो. कामोठ्यात शाळा जवळ, रस्ते मोकळे, संध्याकाळी बायका निर्धास्त फिरतात, बागेत आजोबा-नातवंडे. मुले वाढवावीत असे ठिकाण. दलालही तेच सांगत, "एकदम फॅमिली एरिया आहे." पहिल्या वर्षी आम्ही या शब्दाने खूश होत होतो. चारचौघांसारखी आमचीही फॅमिली होती. नवरा-बायको, दोन मुले, म्हातारी अम्मी. पुढे तोच शब्द नकार म्हणून ऐकू येऊ लागला. "सोसायटी फॅमिलीवाली आहे हो, मेंबर लोक जरा..." वाक्य कोणी पुरे करत नसे. एकाने मात्र स्पष्ट सांगितले, तुमच्या लोकांसाठी तळोजा बघा, मुंब्रा बघा. त्या माणसाचा आम्हाला तितका राग आला नाही. त्याने निदान आमचा वेळ वाचवला.

एक फ्लॅट मात्र लक्षात राहिला आहे. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, खाली गुलमोहर. मालक मुंबईला राहणारे, त्यांना आम्ही पसंत होतो. आम्ही दोघे बघायला गेलो आणि सवयीने टेप काढली. हॉल साडेपाच बाय चार, आतली चार बाय चार. पत्नीने ते मागणीच्या वहीत मागल्या पानावर लिहून घेतले. रंगही ठरवला होता, पण तो लिहिला नाही. आठ दिवसांनी निरोप आला की कमिटी तयार नाही. त्या कमिटीत आमच्या भिशीतले एक गृहस्थ होते. ते स्वतःच दुकानात आले, उभ्यानेच म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हातात असतं तर दिलं असतं." आम्ही त्यांना बसायला सांगितले. त्या महिन्याची भिशी त्यांनाच लागली होती, ती मोजून दिली.

तीन आठवड्यांनी एक तरुण जोडपे पडदे बघायला आले. पत्ता सांगितला तो त्याच फ्लॅटचा. माप आमच्या वहीत होते, तरी आम्ही जाऊन पुन्हा घेतले. साडेपाच बाय चार, चार बाय चार. मुलगी फार गोड होती, तिने आम्हाला पोहे केले, म्हणाली, "तुम्ही सांगाल तो रंग." पत्नीने तिला फिका पिस्ता सांगितला. दुकानात परत येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो मनात ठरवलेला रंग हाच होता का, हे आम्ही तिला विचारले नाही, आणि ती आपणहून बोलली नाही.

कायद्याने असे करता येते का, हे एका वकील गिऱ्हाइकाला विचारले होते. त्यांनी 2005 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची गोष्ट सांगितली. अहमदाबादेतील एका पारशी सोसायटीने सभासदत्व पारशांपुरते ठेवले होते आणि न्यायालयाने ते मान्य केले. आमच्या सोसायट्यांच्या नियमांत तसे काही लिहिलेलेही नव्हते. त्यांना लिहायची गरजच पडत नव्हती.

शेवटी घर मिळाले ते 2011 मध्ये, एका आगरी काकांकडून. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच्या इमारतीत तीन फ्लॅट त्यांच्या वाट्याचे होते. त्यांच्या मुलीच्या लग्नात गाद्या-उशा आम्ही केल्या होत्या. भाडेकरू दोनदा पैसे बुडवून गेला होता आणि आमचे दुकान ते सात वर्षे रोज बघत होते. इमारतीतल्या दोघांनी त्यांच्याकडे हरकत घेतली. बकरी ईद, मटण, पाहुणे वगैरे. काकांच्या स्वतःच्या घरातून त्या वेळी सुकटाचा वास जिन्यात भरून राहिला होता. ते म्हणाले, "घर माजा हाय. कोनाला द्यायचा ते मी ठरवीन." यात मानवतेचा मोठा विचार होता असे आम्ही म्हणणार नाही, त्यांना वेळेवर भाडे देणारा माणूस हवा होता. पण जमीन जाताना त्यांना कोणी विचारले नव्हते, तेव्हा उरलेल्या जागेवर दुसऱ्या कोणी त्यांना विचारून घ्यायला लावावे, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. आमच्या वाट्याला आले ते त्या रागाचे फळ. पाच वर्षांनी तोच फ्लॅट आम्ही त्यांच्याकडून विकत घेतला.

वर राहायला गेल्यावर फार काही घडले नाही. पहिल्या ईदला आम्ही बारा घरांत शीरखुर्मा पाठवला, नऊ भांडी धुऊन आली, तीन तशीच दारात ठेवलेली मिळाली. दुसऱ्या वर्षी अकरा आली. दिवाळीच्या आधीचे वीस दिवस आमच्या धंद्याचे. त्या वीस दिवसांत आम्ही रोजे असल्यासारखे उपाशी फिरतो आणि फराळ मात्र वेळेवर दारात येतो. 2016 च्या ऑक्टोबरात पनवेल महापालिका झाली, कामोठे तिच्यात गेले. पुढे सिडकोचे सेवाशुल्क भरून झालेल्या वर्षांचाही मालमत्ता कर मागितला गेला, तेव्हा त्या विरोधाच्या अर्जावर इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या एकाखाली एक होत्या. हरकत घेणाऱ्या दोघांतल्या एकाची आमच्या सहीच्या लगेच वर.

2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी एक निरोप पुढे ढकलला. दिल्लीच्या मरकजनंतर ते सगळीकडेच चालले होते. कोणाकडून भाजी-फळे घेऊ नयेत वगैरे. आमची मुलगी फोन हातात धरून बसली होती. ग्रुपवर अर्धा तास कोणी काही बोलले नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या सातारच्या काकूंनी लिहिले, "गिरणी चालू आहे, कोणाला दळण टाकायचे आहे का?" लगेच सात जणांनी दळणाचे लिहिले आणि तो निरोप वर सरकून गेला. काकूंनी मुद्दाम विषय बदलला की त्यांना खरेच दळण टाकायचे होते, हे आम्ही अजून विचारलेले नाही.

धाकटे भाऊ मात्र 2014 मध्येच मुंब्र्याला गेले. त्यांनी आमच्यासारखी सात वर्षे वाट पाहिली, मग म्हणाले, पुरे. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतले किती लोक तिकडे जाऊन राहिले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या भावाला मात्र कोणत्या दंगलीने नाही, दलालांच्या अर्धवट वाक्यांनी तेथे पोचवले. तेथे पाण्याची, विजेची रड आहे. पण भाऊ म्हणतात, सकाळी अजान ऐकू येते आणि नाव सांगताना जीभ अडत नाही. त्यांच्या मुलांना शेजारी एकही हिंदू मित्र नाही, असे आम्ही एकदा बोलून गेलो. ते म्हणाले, "आणि तुमच्या मुलीच्या वर्गात मुसलमान किती?" एकच होती, तीच. "आम्ही" असे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे दोघांची घरे असतात, आणि कोणाचे बरोबर हे आम्हाला ठरवता आलेले नाही.

दुकानाच्या पाटीचा उपयोग आता संपला. गिऱ्हाईक क्यूआर कोड लावते आणि खातेदाराचे पूर्ण नाव त्याच्या फोनवर येते. पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा थोडे धस्स झाले, मग हलकेही वाटले.

मागच्या महिन्यात एक तरुण-तरुणी पडद्याचे कापड बघत होती. मुलाने कोड लावला, नाव वाचले, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "चाचा, इकडे घर मिळेल का आम्हाला?" बेलापूरला नोकरी, मुलगी शाळेत जायच्या वयाची. दलालांचे नेहमीचे झाले होते. काका आता नाहीत. त्यांच्या मुलाकडे दोन फ्लॅट आहेत, एक रिकामा आहे हे आम्हाला माहीत होते. फोन केला. तो आदराने बोलला, वडिलांची आठवण काढली, म्हणाला, "बघतो शेट, सोसायटीला एकदा विचारून सांगतो."

अजून फोन आलेला नाही. त्या दोघांनी कापड पसंत करून ठेवले आहे. थानावर त्यांच्या नावाची चिठ्ठी टाचली आहे. माप मिळाल्याशिवाय ते कापता येत नाही.