बंद करू का?

बोटो म्हणजे अमेझॉन नदीत राहणारा गोड्या पाण्यातला डॉल्फिन. आता कॉलेजच्या मासिकात डॉल्फिन कुठून आला, असं वाटलं ना? तर मंडळी, अमेझॉन कंपनीच्या क्लाउडवरचे सर्व्हर पायथनमधून चालवायची जी लायब्ररी आहे, तिचं नाव तिचे मूळ लेखक मिच गारनाट यांनी या डॉल्फिनवरून ठेवलं. कंपनी अमेझॉन, म्हणून डॉल्फिनही तिथलाच! सध्या वापरतात ती बोटो-थ्री. वेबसाइटवर बटणं दाबत बसायचं काम तिच्यामुळे चार ओळींत होतं. कुठली मशीन्स चालू आहेत ते विचारा, यादी मिळते. त्या यादीवर लूप फिरवा, ‘स्टॉप’ म्हणा, झालं. (लूपला मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा संपादकांच्या भरवशावर आहे.)

आम्हा चौघांना हे शिकावं लागलं ते पैशांमुळे. क्लाउडचं मीटर रिक्षाच्या वेटिंगसारखं, मशीन नुसतं उभं असलं तरी पडतच राहतं. बिल डॉलरमध्ये, आणि ते ग्रुपमधल्या एकाच्या दादाच्या कार्डावर. दादा दर महिन्याला हसून सांगायचा, पण सांगायचा. म्हणून ठरलं, रात्री अकराला सगळं आपोआप बंद. स्क्रिप्ट मी लिहिली, जेमतेम वीस ओळींची. ‘टर्मिनेट’ नाही हं, ‘स्टॉप’. स्टॉप केलेल्या मशीनची डिस्क शाबूत राहते (आणि डिस्कचं भाडंही चालू राहतं!). टर्मिनेट केलेलं मशीन मात्र परत येत नाही.

ती स्क्रिप्ट बाबांना दाखवताना छातीत धडधडत होतं. बाबा बावीस वर्षं एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन आहेत. मध्यरात्री फोन वाजला की शर्ट चढवून सर्व्हर रूमकडे निघायचे, आम्हाला त्याची सवयच झाली होती. गेल्या वर्षी कंपनीने सर्व्हर रूमच बंद केली, सगळं क्लाउडवर नेलं. बाबांची नोकरी राहिली. त्यांच्याबरोबरच्या दोन काकांची गेली. अशा माणसापुढे ‘हे बघा, वीस ओळींत होतं’ असं कसं म्हणायचं?

बाबांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. मग म्हणाले, “बंद करण्याआधी हे विचारतं कोणाला?”

“कोणाला म्हणजे? अकरा वाजले की बंद.”

“अगं, आम्ही आधी फोन करायचो. बंद करू का? अकाउंट्सवाले म्हणायचे, थांबा, पगाराचं काम चालू आहे. की आम्ही थांबायचो.” आणि वर म्हणाले, “२०१७ चं वाच जरा.”

वाचलं. २८ फेब्रुवारी २०१७. अमेझॉनच्याच एका माणसाला व्हर्जिनियातले थोडे सर्व्हर काढायचे होते. कमांड नेहमीची, माणूस अधिकारातला, फक्त एक इनपुट चुकीचं गेलं आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यांची एस-थ्री ही फाइल साठवायची सेवा चार तासांहून जास्त वेळ विस्कळित झाली, आणि तिच्यावर चालणाऱ्या असंख्य वेबसाइट्सही. गंमत म्हणजे, ‘आमची सेवा बिघडली आहे’ हे सांगणारं त्यांचं पानही तिच्यावरच अवलंबून होतं, त्यामुळे तेही वेळेवर बदलता येईना! नंतर त्यांनी ते टूलच बदललं. सर्व्हर हळूहळू काढायचे, आणि ठरावीक संख्येच्या खाली जायचंच नाही.

मग आमच्या ग्रुपचा प्रश्न वेगळाच दिसायला लागला. हॉस्टेलवरची आमची मैत्रीण रात्रभर मॉडेल ट्रेन करते. अकराच्या ठोक्याला तिचे सहा तास पाण्यात गेले असते. दादाचे पैसे खरे, तिचे सहा तासही खरे. बोटोला दोन्ही सारखेच. त्यात ‘ड्राय रन’ नावाची सोय आहे, पण तुम्हाला परवानगी आहे की नाही एवढंच ती सांगते. बंद करणं बरोबर आहे का, ते नाही.

शेवटी चौघं कँटीनमध्ये बसून भांडलो. ठरलं असं की रात्री हवं असलेल्या मशीनला टॅग लावायचा, त्यात नाव आणि कितीपर्यंत ते लिहायचं. टॅग नसेल ते बंद. साडेदहाला चौघांनाही यादीचा मेल जातो, त्याचा विषय बाबांनी सुचवला: ‘बंद करू का?’ पहिल्याच रात्री मैत्रिणीचं उत्तर आलं, “अजिबात नाही!!!” बिल पूर्वीपेक्षा कमी येतं, पण मला वाटलं होतं तेवढं काही उतरलं नाही. दादा अजूनही सांगतोच.

आणि बाबा? ते जेवण झालं की लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत येतात. पायथन शिकतायत. यादीवर लूप फिरवण्यापर्यंत पोचलेत. फक्त ओळीआधीची जागा मोजून सोडावी लागते, याचा त्यांना अजून भयंकर राग येतो.